जित्या माणसाची तेरवी

पुंजाजी माळी मेला त्या दिवशी तो, गावाच्या हिशोबानं, वाशीमात बसून वरणभात जेवत होता. चांगला धडधाकट होता, आणि हे किन्हीराजातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी गावानं त्याला मारलं. झालं असं, की भाजीपाला घेऊन वाशीमला गेलेला पुंजाजी पटकीनं आडवा झाला. मिशनच्या लोकांनी त्याला रस्त्यावरून उचलून दवाखान्यात नेलं, जगवलं, आणि उठून बसल्यावर त्यानं त्यांचाच देव धरला. बातमी आली तशी पंच बसले. उकंडराव त्यांचा म्होरक्या. धर्म सोडला तो मेला, एवढंच त्याला समजत होतं. त्यानं दर्भाचा पुतळा करवला, गावाबाहेर रीतसर जाळला, मडकं फोडलं, आणि सगळे पुंजाजीच्या नावानं आंघोळ करून घरी गेले.

मेलेल्याच्या बायकोचं काय, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. सोजरबाईच्या बांगड्या सासूनं जात्यावर आपटून फोडल्या. एक काच मनगटात घुसली, तिचा वण पुढं कायम राहिला. कडेवर लेक आवडी होती, दात यायला लागलेली, ती फुटक्या काचा बघून हसत होती.

दहाव्याला मात्र गावाची फजिती झाली. पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर कावळे ढीगभर, पण खाली एक उतरेल तर शपथ. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल म्हणून एकेक जण पुढं होऊन हात जोडायला लागला. "पोट्टीचं लगन आमी करून देऊ बापा!" "मळा नीट वाहू!" "बायकोले अंतर देनार नाई!" कावळे ऐकून घेत होते. सोजरबाईला तिथं हसूच फुटलं. शिवेल कसा? ज्याच्या नावचा भात तो वाशीमात जेवतोय! बाया म्हणाल्या, दुःखानं येडी झाली बिचारी. शेवटी भटानं दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि सुटका करून घेतली. तेराव्या दिवशी तेरवीचं जेवण झालं. अख्खं गाव बुंदी खाऊन गेलं.

आणि त्या बुंदीनंच गावाचं तोंड बंद केलं. जो जेवला तो पुंजाजी जिता आहे असं कोणत्या तोंडानं म्हणणार? पुढं दोघातिघांनी सोजरबाईला पाट लावायचं सुचवलं. ती म्हणाली, "माहा नवरा जिता हाये, दुसरा कायले करू?" तर म्हणे, तोंड सांभाळ, तो मेला. बरं, मेला म्हणावं तर तो मेल्यासारखा गप्पही बसेना. कोणी त्याला पोहरादेवीच्या यात्रेत पाहिलं, गाडीवर उभा राहून 'पस्तावा करा, माफी मागा' म्हणून ओरडताना. कोणी पार निजामाच्या मुलखात पाहिलं. सगळ्या जगाला माफीचं आवतण देत फिरत होता, आणि बायकोला इतक्या वर्षांत एक निरोप नव्हता. सोजरबाई दीर जगदेवच्या मळ्यात राबली, वांगी, सांभाराच्या जुड्या विकून पोर वाढवली, आणि दर पितृपक्षात त्या जित्या माणसाच्या नावानं पळसाच्या पानावर घास ठेवत राहिली. ठेवताना दर वेळी दात आवळायची.

आता आवडीचं लग्न जमलं होतं. व्याही जऊळक्याचे जानराव, घरचा मळा, रेल्वे टेसनापाशी भाजीचं दुकान, माणूस मोकळा. त्यांना सांगितलं होतं की पोरीचा बाप पटकीनं मेला, कन्यादान काका करतील. साखरपुडा झाला, माघातली तिथी धरली. सोजरबाईच्या जन्मात एवढी एकच गोष्ट सरळ व्हायची होती, आणि ती होत आली होती.

त्या दिवशी ती मळ्यात वांगी तोडत होती, तेवढ्यात शेजारच्या वाफ्यातून भुरीबाई हात पुसत आली. दोघी बाजारात शेजारी बसत.

"सोजरे, आयकलं का व? जऊळक्याच्या वाटेवर आंबराईत मिशनवाल्याईनं तंबू ठोकला. उद्या आपल्या बाजारात भाषन देनार हायेत म्हने. अन् भाषन देनारा कोन हाये, सांगू का?"

"सांगून टाक. कायले तोंड दाबून राह्यली?"

"तुहा मेलेला."

सोजरबाईच्या हातातलं वांगं देठापासून तुटून आलं. जानरावही उद्या बाजाराला येणार होते, बस्त्याचं बोलायला. म्हणजे जानराव समोर, आणि गाडीवर हा उभा राहून 'मी किन्हीचा पुंजाजी, मी जिता हावो' म्हणून छाती बडवणार. ख्रिस्तावाची पोर कोण करून घेतो? आणि वर एवढी वर्षं लपवलं म्हणून दोन्ही गावं थुंकणार. तिनं टोपलं वांग्यांनी भरलं, डोक्यावर घेतलं, आणि भर उन्हात आंबराईची वाट धरली. भाजी विकायला जाणाऱ्या बाईला कोणी अडवत नाही.

तंबूच्या सावलीत गोरा साहेब खुर्चीवर पुस्तक वाचत बसला होता. पलीकडच्या आंब्याखाली सतरंजीवर धोतर, काळा कोट आणि काळी टोपी घातलेला माणूस होता. गालावर मांस चढलं होतं. मान वाकडी करून वाचायची सवय मात्र तीच. सोजरबाई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पुंजाजी," ती म्हणाली.

तो दचकला. नवऱ्याचं नाव कोणती बाई घेते? पण मेलेल्याचं घ्यायला तिला कसली बंदी होती?

"सोजर," तो उभा राहिला. चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. मग त्यानं घसा साफ केला, आणि सोजरबाईला कळलं की हा आता भाषण करणार. "बरं झालं आली. मी उद्या किन्हीत येऊन राह्यलो. मनात काई ठेवलं नाई मी. उकंडरावाले माफ केलं. जगदेवले माफ केलं. मायले केलं. अन् तुलेबी केलं."

"मले?" तिनं टोपलं खाली आपटलं. दोन वांगी गडगडत साहेबाच्या खुर्चीपर्यंत गेली. "मले कायची माफी देतं रे?"

"माह्या नावानं तू बांगड्या फोडू देल्या. मी जिता असताना. मी डोळ्यानं धूर पाह्यला, सोजर. शिवेवर उभा होतो."

"तू आल्ता?"

"तुले अन् पोट्टीले न्याले आल्तो. गाडी ठरवून आल्तो. पाह्यतो तं गाव मले जाळून राह्यलं! डोकं फिरलं माहं. तसाच माघारी गेलो. म्हनलं, ज्याईनं मले जितं जाळलं त्याईचं तोंड पाह्यनार नाई. लई वर्षं लागले तो राग जाले."

एवढ्या वर्षांत सोजरबाईनं हजार कारणं काढून ठेवली होती. आजारी असेल, दुसरी केली असेल, साहेबांनी कोंडून ठेवलं असेल. त्यातलं एकही खरं नव्हतं. नवरा शिवेपर्यंत आला होता आणि रुसून परत गेला होता.

"मी गाठोडं बांधून बसली होती," ती म्हणाली. आवाज फाटला, त्याचाही तिला राग आला. "तुहा देव कोनता, मले काई घेनं नव्हतं. तू म्हनला असता तं मी तुह्या देवापाशी आली असती. पोट्टीचं झबलं, दोन भाकरी, सगळं बांधून चुलीमागं ठेवलं होतं. सासूनं हात धरले तवाबी माहं ध्यान दाराकडं होतं. तुले चार पावलं टाकनं झालं नाई. तुले राग आला! मले येत नव्हता का राग? मी कुठी जाऊन बसू रुसून?"

पुंजाजीनं हातातलं पुस्तक मिटून सतरंजीवर ठेवलं.

"आता आयक. आवडीचं लगन ठरलं. जऊळक्याचे लोक हायेत. त्याईले सांगतलं, बाप मेला. उद्या तू बाजारात पाय ठेवाचा नाई."

"आवडी लगनाले आली?" तो हळूच म्हणाला. क्षणभर तो कोट घातलेला भाषणवाला राहिला नाही. पण लगेच सावरला. ही माणसं लवकर सावरतात. "हे पाह्य, आमच्या प्रभूचा हुकूम हाये. पस्तावा करा, माफी भेटते, हे साऱ्या मुलखाले सांगाचं. अन् सुरू कुठून कराचं, तं ज्या गावानं प्रभूले मारलं त्याच गावापासून. मी पोहऱ्यात सांगतलं, निजामात सांगतलं, अन् मले मारलं त्या गावालेच टाळलं. ते पाप हाये माहं. उद्या मी नाई आलो तं मी कायचा सेवक? अन् मी जिता हावो हे लपवू? खोटं बोलू? अशानं लगन मोडत असन तं ते घरच खोटं समज."

खोटं घर! ज्यानं पोरीचा एक ताप काढला नाही तो खऱ्याखोट्याचा निवाडा करत होता. सोजरबाईला वाटलं, खाली पडलेलं टोपलं उचलून याच्या टोपीवर घालावं.

"साऱ्या मुलखाले पस्तावा कर म्हनतं. तू केला का? कोनापाशी केला?"

"प्रभूपाशी केला."

"प्रभूच्या बांगड्या फुटल्या होत्या का?"

साहेब पुस्तकातून मान वर करून बघत होता. त्याला वऱ्हाडी कितपत कळत होती कोण जाणे, पण बाईचा राग कळायला भाषा लागत नाही. सोजरबाईनं वांगी गोळा केली, टोपलं डोक्यावर घेतलं.

"ये मंग उद्या. मोडून टाक तिचं. गावानं तुले एकदा मारलं. तू मले दोनदा मारजो."

ती परत निघाली. मागून त्यानं हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला तो नेहमीसारखाच. मिरचीचे ढीग, बांगडीवाल्याची गाडी, गुळाभोवती माशा. पण माळ्यांच्या रांगेत कोणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. दीर जगदेव कोपऱ्यात काठी घेऊन उभा होता आणि म्हणत होता, आला तर तंगडंच मोडतो. दहाव्याला 'बायकोले अंतर देनार नाई' म्हणणारा हाच. त्याच्या काठीचा सोजरबाईला कधी उपयोग झाला नव्हता, आजही होणार नव्हता. भावाला मारलं तर भाऊ होता हे उघडच होणार, एवढी अक्कल त्याला कुठली. उकंडराव म्हातारा झाला होता, पिंपळाच्या पारावर डोळे मिटून बसला होता. मरण जाहीर करणाऱ्या माणसाला जिता माणूस समोर येणार म्हटल्यावर झोप बरी लागते.

जानराव आले ते हसत. सोजरबाईच्या टोपल्याशेजारी ऐसपैस बसले, एक वांगं हातात घेऊन दाबून बघितलं. "बाई, तुमच्या मळ्याचं वांगं लई चांगलं. लगनाले हेच पाठवा." सोजरबाई हो म्हणाली. तिचे डोळे रस्त्यावर होते.

मिशनची दमणी आली. साहेब उतरून बैलांपाशी उभा राहिला. पुंजाजी दमणीवर चढला, झांज वाजवून एक भजन म्हणाला. गळा अजून चांगला होता. लोक गोळा झाले. किन्हीचे जे होते ते खाली बघत होते, एकमेकांकडेही बघत नव्हते. तेरवी जेवलेल्या पंगतीच्या पंगती तिथं उभ्या होत्या, आणि मेलेला त्यांच्यासमोर झांज वाजवत होता.

भजन संपलं. पुंजाजीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जानरावच मोठ्यानं म्हणाले, "बुवा, तुमी तं आपल्या वऱ्हाडातलेच दिसता. कोन्या गावचे?"

जगदेवनं काठी सावरली. उकंडरावानं डोळे उघडले. सोजरबाईनं मूठ एवढी आवळली की मनगटावरचा वण पांढरा पडला. जा, बोल, ती मनात म्हणाली. बोल आणि मोकळा हो.

पुंजाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग टोपल्यामागं भाजीच्या जुड्या बांधत बसलेल्या आवडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गाव राह्यलं नाई, दादा," तो म्हणाला. "माहं नाव याकोब. पन मी आज भाषन द्याले नाई आलो. एक निरोप हाये माह्यापाशी, तो पोचवाले आलो. वाशीमच्या दवाखान्यात माह्या बाजूले या गावचा एक मानूस होता. पुंजाजी माळी."

"अरे!" जानराव सरळ बसले. "आमच्या सुनेचा बाप! पटकीनं मेला थो."

"मेला. मी जवळ होतो."

साहेबाची मान झटकन वर झाली. त्याचा सर्वांत नेमाचा प्रचारक भर बाजारात धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेवढं मराठी साहेबाला नक्की येत होतं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. पुंजाजीनं त्याच्याकडे न बघता हात वर केला, आणि साहेब थांबला.

"मरताना तो म्हने," पुंजाजी बोलत होता, आणि आता त्याचा आवाज भजनाचा राहिला नव्हता, "गावानं माहं काई बिघडवलं नाई. मीच वाईट वागलो. माही बायको वाट पाहून राह्यली होती, अन् मी तिच्यापाशी गेलो नाई. माह्या रागापुढं मले ती दिसली नाई. पोट्टी दिसली नाई. जगाले शहानपन शिकवलं अन् तिले एक निरोप धाडला नाई. तिचा गुन्हेगार हावो मी. तिले सांगजो, का पुंजाजीनं हात जोडले. सगळ्या गावासमोर सांगजो, कारन तिची इज्जत सगळ्या गावासमोर गेली."

आणि त्यानं दमणीवरून खाली उतरून, काळी टोपी काढून, सोजरबाईच्या टोपल्यासमोर गुडघे टेकले आणि हात जोडले. निरोप्याला एवढं करायची गरज नव्हती. पण जानराव भोळा माणूस, त्यांचे डोळे भरून आले.

सोजरबाईच्या आत सगळं उकळत होतं. आता? आता याला सुचलं? आणि सुचलं तेही किती शहाणपणानं! हा मेलेलाच राहणार, म्हणजे ती रांडवच राहणार. आपल्या पोरीच्या लग्नात हा दिसणार नाही, म्हणजे तिच्या शेजारचा पाट रिकामाच राहणार. तिनं मागितलं तेच त्यानं दिलं होतं, आणि ते एवढं महाग असेल हे तिला मागताना कळलं नव्हतं. त्याचाही राग आला. सर्वांचाच आला. पण पोर सुटली होती. हे त्या रागातही तिला दिसत होतं.

"बुवा," ती म्हणाली. आवाज अख्ख्या बाजारात गेला. "तुमच्या देवाचा हुकूम काय हाये म्हनता? माफीची गोठ ज्या गावात मारलं तिथून सुरू कराची?"

"हो."

"मंग त्या मेलेल्याले जाऊन सांगा. तुमच्या देवानं जे आधी कराले सांगतलं, ते त्यानं सगळ्याच्या शेवटी केलं. सारा मुलूख फिरून झाला, मंग माह्या दारी निरोप धाडला. मीबी त्याले सगळ्याच्या शेवटी माफ करीन. उकंडरावाले आधी करीन. सासूले करीन. रस्त्यावरच्या कुत्र्यालेबी करीन. त्याचा नंबर आला का कळवीन."

"मी वाट पाहीन," पुंजाजी म्हणाला. मग आठवण होऊन म्हणाला, "तो पाह्यत असन."

सोजरबाईनं शिदोरी सोडली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. भाजी बांधायला आणलेलं पळसाचं एक पान तिनं झटकून जमिनीवर ठेवलं, त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला, भाजी ठेवली, आणि दर पितृपक्षात सरकवायची तसं ते पुढं सरकवलं.

"हे काय व?" जानराव म्हणाले.

"त्याच्या दहाव्याले कावळा शिवला नव्हता. गावाले इचारा. घास राह्यलेला हाये. निरोप यानं आनला, घासबी यानंच खावा."

"पन हे तं ख्रिस्ताव..."

"कावळ्याची जात कोन पाह्यते?"

साहेब आता पुढं आला. मेलेल्यांना दाखवलेलं अन्न आपल्या माणसानं शिवू नये, एवढं त्याच्या पुस्तकात होतं, आणि त्यानं ते मोडक्यातोडक्या मराठीत मोठ्यानं सांगितलंही. "याकोब, नाही. खाऊ नको." पुंजाजी गुडघ्यावरच होता. त्यानं पान दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि खायला लागला. घास गिळत नव्हता तरी खात होता. भाजी झणझणीत होती, तिच्या हातची होती, आणि तो ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाऊन पान कोरडं करून उठला. साहेबाकडे न जाता तो जऊळक्याच्या वाटेनं पायीच निघाला.

जानरावांनी मोठा श्वास सोडला. "चला! शिवला म्हनाचा एकदाचा. आता लगनात काई आडवं येत नाई." आणि ते बस्त्याचं बोलायला जगदेवकडे वळले.

"माय, तू काहून रडून राह्यली?" आवडीनं विचारलं. "ओयखीचा होता का थो बुवा?"

"मिरच्याचा वारा आला," सोजरबाई म्हणाली. डोळे पदरानं खसाखसा पुसले, एवढ्या वर्षांनी आलेल्या त्या पाण्याचाही तिला भयंकर राग आला, आणि तिनं तराजू उचलून ओरडायला सुरुवात केली, "वांगे घ्या वांगे, मळ्याचे ताजे वांगे!"